गवताचा हिशेब

ऑक्टोबर सरत आला की झांस्करमधली घरं उंच दिसू लागतात. सपाट धाब्याच्या चारही कडांनी वैरणीचा कठडा चढलेला असतो. वाळवलेला लसूणघास, बांधांवरून आणि डोंगरउतारांवरून कापून आणलेलं गवत, वाटाण्याचे वेल, सातूचा भुसा. एका कोपऱ्यात सरपण आणि गोवऱ्या. घरातले मेमे-ले, म्हणजे आजोबा, धाब्यावर उभे राहून ही गंजी नजरेनंच मोजतात. खाली गोठ्यात किती तोंडं आहेत हे त्यांना मोजावं लागत नाही. वैरण मे महिन्यापर्यंत पुरवायची आहे आणि तोंडं जास्त आहेत, हे बहुतेक वर्षी ठरलेलंच. म्हणजे कोणाला तरी हिवाळ्याच्या अलीकडेच थांबावं लागणार. याक आणि गाईच्या संकरातला म्हातारा झो, दूध आटलेली झोमो, म्हणजे त्याच संकरातली मादी, दात झिजलेली एखादी मेंढी.

त्याच धाब्यावर, गंजीला अगदी लागून, प्रार्थनेच्या पताका फडफडत असतात. खाली देवघरात लोण्याचा दिवा तेवत असतो. मेमे-लेंच्या हातातलं मणीचक्र हिशेब चालू असतानाही फिरायचं थांबत नाही. पंचशीलातलं पहिलं शील जीव न घेण्याचं, हे या घरातल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे.

मैदानातून गेलेल्या शाकाहारी पाहुण्याला इथे हमखास दुटप्पीपणा दिसतो. बुद्धाचं नाव घेणारी, वाटेतला किडा उचलून बाजूला ठेवणारी माणसं थुक्पात सुकं मांस कसं घालतात, हा त्याचा प्रश्न. प्रश्न चुकीचा नाही. फक्त तो ज्यांना विचारायचा त्यांनी तो स्वतःला फार आधी विचारलेला आहे, आणि त्यांच्या उत्तरात सुटका कमी आणि ओझं जास्त आहे. ते उत्तर समजून घ्यायचं तर आधी तिथला हिवाळा समजून घ्यायला हवा.

झांस्कर लडाखच्या नैर्ऋत्येला आहे. पदुम हे त्याचं मुख्य गाव समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार मीटरांहून उंच. कारगिलकडून येणारा रस्ता सुमारे ४,४०० मीटर उंचीच्या पेन्सी-ला खिंडीतून उतरतो, आणि खिंडीत बर्फ साचलं की महिनोन्महिने बंद राहतो. पारा शून्याखाली तीस अंशांपर्यंत जातो. जानेवारी-फेब्रुवारीत झांस्कर नदी गोठते आणि तिच्या पाठीवरून एक वाट तयार होते. ती चादर. आज पुण्या-मुंबईहून पाठपिशव्या लावून तरुण मंडळी त्या वाटेवर चालायला जातात. झांस्करच्या माणसाची ती लेहच्या बाजाराला लोणी न्यायची वाट होती.

बर्फ पडलं की घर आत ओढून घेतं. उन्हाळ्यात वापरायच्या वरच्या खोल्या मोकळ्या पडतात आणि कुटुंब खालच्या हिवाळी खोलीत उतरतं. जुन्या पद्धतीच्या घरांत या खोलीला गोठा चिकटलेला किंवा वेढलेला असतो, तोही हेतुपुरस्सर, कारण गोठ्यातल्या जनावरांची ऊब भिंतीतून आत येते. माणसं जनावरांना वैरण देतात आणि जनावरं माणसांना ऊब. सकाळी चुलीतली राख सारायची, गोवरीचा विस्तव फुलवायचा, लाकडी फावड्यानं धाब्यावरचं बर्फ ढकलून द्यायचं. ते ढकललं नाही तर दुपारच्या उन्हात वितळून मातीचं छत गळू लागतं. मग ओढ्यावर जाऊन बर्फाला पाडलेलं भोक पुन्हा मोकळं करायचं. ऊन वर आलं की जनावरं पाण्यावर न्यायची, परत आणून बांधायची, हातानं मापून वैरण टाकायची. मूठभर कमी नाही, मूठभर जास्त नाही. शेण गोळा करायचं. त्याचं शेतासाठी खत होतं आणि चुलीसाठी सरपण, पण एकाच शेणाचं दोन्ही होत नाही, म्हणून तिथेही हिशेब आलाच. दुपारी बाया मेंढीची लोकर कातत बसतात, पुरुष याकचे आणि बकऱ्यांचे केस. संध्याकाळी खारा लोणीचहा, सातूचं भाजलेलं पीठ, वाळवलेले सलगम. लोककाव्यातल्या केसर राजाच्या गोष्टी सांगायचा हाच मोसम. शेती गोठलेली असते, म्हणून लग्नंही याच दिवसांत.

मुद्दा असा की या घरात जनावर ही वेगळी वस्तू नाही. चहात लोणी त्याचं, अंगावर लोकर त्याची, पायात कातडं त्याचं, शेतात खत त्याचं, चुलीत शेण त्याचं आणि भिंतीला ऊबही त्याचीच. हंगेरीचा भाषापंडित चोमा १८२३-२४चा हिवाळा झांस्करमधल्या झांगला इथे एका लामाजवळ तिबेटी शिकत बसला होता. खोली नऊ फूट लांब, नऊ फूट रुंद, आणि तीही बिनविस्तवाची. बाहेर पडायची सोय नव्हती. पुढे १८३४ साली त्याचा तिबेटी-इंग्रजी कोश छापला गेला आणि युरोपात तिबेटी बौद्ध ग्रंथांच्या अभ्यासाचा पाया घातला गेला. त्या हिवाळ्यात त्याच्या अंगावर मेंढीचं कातडं होतं. धर्मग्रंथांच्या अभ्यासालासुद्धा तिथे आधी एक मेंढी लागली.

आता मारण्याकडे. ते हिवाळ्याच्या तोंडावरच का होतं, याची कारणं अगदी शेतकरी डोक्याची आहेत. उन्हाळाभर वरच्या कुरणांत चरून जनावर तेव्हा सगळ्यात भरलेलं असतं, पुढे ते रोज वाळतच जाणार. वैरण मोजकी आहे, आणि जे जनावर तसंही मार्चपर्यंत टिकणार नाही त्याला घातलेली प्रत्येक पेंढी टिकणाऱ्याच्या तोंडची जाते. आणि नोव्हेंबरपासून थंडी स्वतःच मांस राखते. मीठ नको, धूर नको, एका थंड खोलीत टांगून ठेवलं की वसंतापर्यंत निभावतं. सातूचं एकच पीक, भाजीपाला तीन-चार महिन्यांचा, जनावरं हिवाळ्यात जवळपास दूध देत नाहीत. अशा जागी एक याक किंवा झो म्हणजे अख्ख्या घराचा हिवाळा.

लडाखच्या पूर्वेकडच्या चांगथांग पठारावरचे पशुपालक अनेकदा जनावराचं नाकतोंड दोरीनं आवळून श्वास कोंडतात, रक्त सांडत नाहीत. हा प्रकार पाहणाऱ्याला सुरीपेक्षा क्रूर वाटू शकतो, आणि मरणाऱ्याला तो सौम्य वाटत असेल असं मानायला काही आधार नाही. शेजारी कुणीतरी मंत्र पुटपुटत असतं. ते कोणासाठी? त्या जनावराला पुढचा जन्म बरा मिळावा म्हणून, हे एक उत्तर. मारणाऱ्याचा हात थरथरू नये म्हणून, हे दुसरं. दोन्ही खरी असणार.

महाराष्ट्रातल्या वाचकाला इथे चातुर्मास आठवायला हरकत नाही. विनयपिटकात भिक्षूंच्या वर्षावासाची कथा आहे. इतर पंथांचे साधू पावसाळ्यात एका जागी राहतात, पाखरंसुद्धा घरटी करून बसतात, आणि हे शाक्यपुत्र श्रमण मात्र बाराही महिने हिंडत कोवळं गवत तुडवतात, बारीक जिवांना चिरडतात, अशी लोकांनी कुरकुर केली. तेव्हा बुद्धानं भिक्षूंना पावसाळ्यात एका ठिकाणी राहायला सांगितलं. गंगेच्या खोऱ्यात हिंसेचा ऋतू पावसाळा. जमीन जिवांनी वळवळते, पाऊल टाकायची चोरी. झांस्करमध्ये मोसमी पाऊस पोचतच नाही म्हटलं तरी चालेल. तिथे जमीन निर्जीव होते ती हिवाळ्यात. पायाखाली एक मुंगीही येत नाही, नांगर आढ्याला टांगलेला असतो, आणि नेमक्या त्याच ऋतूच्या दारात हातात दोरी घ्यावी लागते. शास्त्र मैदानात तयार झालं आणि डोंगर चढून गेलं. वाटेत ऋतू उलटे झाले.

मग शास्त्र काय म्हणतं? मांस खाण्याविषयी बुद्धाचं उत्तर जीवकसुत्तात आहे, वैद्य जीवकाशी झालेल्या संवादात. आपल्यासाठी जनावर मारलेलं भिक्षूनं पाहिलं असेल, ऐकलं असेल किंवा त्याला तशी शंका असेल, तर ते मांस वर्ज्य. या तीन गोष्टी नसतील तर भिक्षापात्रात पडेल ते घ्यावं. भिक्षूंना मांस-मासळी पूर्णपणे बंद करा, अशी मागणी देवदत्तानं केली होती आणि बुद्धानं ती मानली नाही. पुढे लंकावतारसूत्रासारख्या महायान ग्रंथांनी मांसाहाराचा कडक निषेध केला. सहाव्या शतकात चीनमधल्या लियांग घराण्याच्या सम्राट वू यानं भिक्षुसंघाला मांस बंद करायला लावलं, आणि चिनी विहार आजतागायत शाकाहारी आहेत. तिबेटनं महायान घेतलं, लंकावतार घेतलं, पण ताटातलं मांस काही गेलं नाही. तिथे भाजी उगवायला जागाच नव्हती.

मराठीत या विषयाला हात घालण्याचं धाडस धर्मानंद कोसंबींनी केलं. गोव्यातल्या साखवाळचा, १८७६ साली जन्मलेला हा माणूस बुद्धाच्या शोधात घर सोडून निघाला, सिंहलद्वीपात भिक्षू झाला आणि पुढे हार्वर्डमध्ये विसुद्धिमग्गाच्या संपादनासाठी वर्षानुवर्षं राबला, म्हणजे बर्फाचे हिवाळे त्यानं अंगावर काढलेले होते. १९४०च्या सुमारास आलेल्या ‘भगवान बुद्ध’ या ग्रंथात कोसंबींनी मांसाहारावर स्वतंत्र प्रकरण लिहिलं. बुद्ध आणि त्याचे भिक्षू मांस खात असत हे त्यांनी लपवलं नाही. एवढंच नव्हे, त्या काळचे जैन श्रमणही खात असावेत असं जुन्या ग्रंथांवरून मांडलं आणि जैन समाजाची मोठी नाराजी ओढवून घेतली. हाच माणूस १९४७च्या जूनमध्ये सेवाग्रामला अन्नत्याग करून गेला, म्हणजे अगदी जैन मुनीला शोभेल अशा वाटेनं. ग्रंथात काय आहे ते न लपवणं आणि स्वतःच्या आयुष्याला त्याहून कडक माप लावणं, या दोन गोष्टी एकाच माणसात राहू शकतात याचं कोसंबी हे घरचं उदाहरण.

पण जीवकसुत्तातली सवलत नीट वाचली तर ती मेमे-लेंच्या काही कामाची नाही. ती पात्र घेऊन दारात उभ्या राहणाऱ्या भिक्षूसाठी आहे. शेतकऱ्यानं तर पाहिलंय, ऐकलंय, आणि शंकेचा प्रश्नच नाही, कारण जनावर त्यानंच निवडलंय. त्याच सुत्तात मारणाऱ्याच्या माथी किती परींनी पाप चढतं तेही मोजून सांगितलं आहे, आणि पहिलं पाप तर नुसतं ‘त्या जनावराला घेऊन या’ म्हणण्यातच लागतं. उपासकानं करू नयेत अशा पाच व्यापारांत मांसाचा व्यापार येतोच. म्हणजे भिक्षू शुद्ध राहतो तो गृहस्थ अशुद्ध होतो म्हणून. झांस्करचा शेतकरी हे ओळखून आहे. तो सवलत मागत नाही. त्याच्या भाषेत या कामाला पाप हाच शब्द आहे, दिग्पा, आणि तो शब्द गाळून बोलायची पद्धत नाही.

या पापाचा आकार लहान ठेवायची मात्र एक युक्ती हिमालयापलीकडच्या बौद्धांनी शोधली. जीव मोजायचे, वजन नाही. एक याक मारला तर एकच जीव गेला आणि घर हिवाळाभर जेवलं. तेवढंच मांस माशांतून मिळवायचं तर हजारो जीव. म्हणून तिबेटी लोक परंपरेनं मासे टाळतात आणि मोठं जनावर पत्करतात. कोकणातल्या माणसाला हे ऐकून गंमत वाटेल. मासा हा शाकाहाराच्या शेजारचाच पदार्थ, अशी तिकडची सोयीस्कर समजूत, आणि इथे मासळीचं कालवण म्हणजे कत्तलखाना! गणित तर्कशुद्ध आहे. पण ते मानलं तर भाकरीचंही मोजावं लागतं. नांगराच्या एका तासात किती किडे उलटे होतात? नांगरणी पाहताना, फाळानं उलथून पडलेले किडे पाहून सिद्धार्थ खिन्न झाला, असं अश्वघोषानं बुद्धचरितात रंगवलं आहे. जैन परंपरेनं या गणिताचा शेवटपर्यंत पाठपुरावा केला आणि श्रावकांना शेतीपासून दूर राहायला सांगितलं. हा उपाय सगळ्यांनी करायचा म्हटलं तर सगळेच उपाशी. कुणीतरी नांगर धरतो म्हणून कुणाचे तरी हात स्वच्छ राहतात, हे तिथेही आहेच.

हात स्वच्छ ठेवण्याची हीच गोष्ट झांस्कर-लडाखमध्ये सगळ्यात अवघड वाटते. मारायचं कोणी? बऱ्याच ठिकाणी घरधनी स्वतः मारत नाही, गरीब माणसाला बोलावतो, आतडी-मुंडी किंवा थोडं मांस देतो. लेहच्या बाजारातले खाटीक मुस्लिम, जुन्या ल्हासातही हा धंदा बराचसा मुस्लिमांकडे. ज्यानं सुरी धरली त्याच्या माथी पाप, आणि वर त्या पापामुळे तोच हलका. लोखंड ठोकून हत्यारं करणाऱ्या गारा जमातीला लडाखमध्ये खालचं स्थान, तेही याच तर्कानं. आपल्याकडच्या वाचकाला हे चित्र ओळखीचं वाटेल, कारण मेलेलं ढोर ओढायला एक जात लावून द्यायची आणि मग ढोर ओढते म्हणून तिला गावाबाहेर ठेवायचं, हे महाराष्ट्रानं शतकानुशतकं केलं. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५६ साली धर्मांतर करताना बुद्ध निवडला, त्यामागे याच व्यवस्थेला दिलेला नकार होता. त्या बुद्धाच्याच देशी-परदेशी लेकरांनी पापाची अशी वाटणी करावी, हे खुपतं. दारिद्र्य आणि थंडी यांतून हत्या समजते. पाप दुसऱ्याच्या खात्यावर टाकणं थंडीमुळे झालं असं म्हणता येत नाही.

पाप वाटून घेण्याचा एक प्रकार आणखी विचित्र होता. हिवाळ्यात वरची कुरणं बर्फाखाली गेली की लांडगे आणि हिमबिबटे गावाजवळ उतरतात. हिमबिबट्या एखाद्या रात्री बंद वाड्यात शिरला तर घाबरून सैरावैरा धावणाऱ्या मेंढ्यांपैकी कित्येक एकाच वेळी मारून टाकतो. सकाळी दार उघडणाऱ्या घरासाठी तो हिवाळा तिथेच संपतो. लांडग्यांसाठी लडाखी गावं दगडी सापळे बांधत. शांगदोंग. आत झुकलेल्या भिंतींचा एक खोल खड्डा आणि त्यात आमिष म्हणून एक जिवंत जनावर. लांडगा आत उडी मारतो, भिंती आत कललेल्या असल्यानं बाहेर येता येत नाही. मग वरून दगड. दगड अनेकांचे. कोणाच्या दगडानं लांडगा मेला हे कोणालाच सांगता येऊ नये, याहून सोयीची रचना पापभीरू माणसाला सुचणार नाही. २०१८ साली चुशुलच्या गावकऱ्यांनी वन्यजीव संशोधकांशी आणि लामांशी बोलून आपले शांगदोंग निकामी केले. दगड मात्र पाडून टाकले नाहीत, कारण तो वाडवडिलांचा ठेवा. एका सापळ्याशेजारी स्तूप उभारला. जुनी हत्या आणि तिचं प्रायश्चित्त आता एकमेकांना लागून उभी आहेत.

याच्या उलट टोकाला एक रीत आहे, त्सेथार. आयुष्य मोकळं करणं. घरात कुणी आजारी असेल, नवस असेल, किंवा नुसतं मनात आलं, तर कळपातलं एक जनावर सोडून द्यायचं. त्याच्या कानाला किंवा मानेला रंगीत फीत बांधतात. त्या जनावराला यापुढे कोणी मारायचं नाही, म्हातारपणी मरेल तेव्हा मरेल. यात पुण्य आहेच, पण खर्चही आहे, आणि तो गवतात मोजायचा आहे. फीत बांधलेला याक हिवाळाभर खाणार, काम करो वा न करो. ज्याच्या धाब्यावर गंजी मोठी त्याला दया परवडते. तरीही गरीब घरांत फितीचं जनावर दिसतं. तिथे त्या फितीची किंमत जास्त असते.

हिवाळ्याच्या ऐन मध्यावर, जानेवारीत, लेहजवळच्या स्पितुक मठात गुस्तोरचा उत्सव भरतो. लामा मुखवटे घालून नाचतात, शेवटी काळ्या टोपीचा नर्तक पिठाचा एक पुतळा कापतो, त्याचे तुकडे चहूकडे फेकतो. हा पुतळा म्हणजे धर्माचा शत्रू, आणि जाणत्यांच्या मते माणसातला अहंकार. लोसारला, म्हणजे नववर्षाला, सातूच्या पिठाच्या बकऱ्या आणि रानबोकड करून देवघरात मांडतात. मंदिराला पीठ पुरतं, पोटाला नाही. नवरात्रात कोहळा फोडून बोकडाची सुटका करणाऱ्या मराठी घराला ही तडजोड लगेच कळेल. देव पिठावर समाधान मानतो, ही माणसानं स्वतःची केलेली सोय असेलही, पण बोकडाच्या दृष्टीनं ती चांगलीच सोय आहे.

खरा पेच गेल्या काही वर्षांतला. दुसरा इलाजच नाही, हे मेमे-लेंचं म्हणणं त्यांच्या आजोबांच्या वेळी निखालस खरं होतं. आता? मार्च २०२४मध्ये निम्मू-पदुम-दारचा हा सुमारे ३०० किलोमीटरचा रस्ता जोडला गेला, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये शिंकू-ला खिंडीखालच्या बोगद्याचं काम सुरू झालं. तो झाला की झांस्कर बाराही महिने उघडं. लेहला तर हिवाळ्यातही विमानानं भाजी उतरते. लडाखमध्ये मातीच्या भिंती आणि प्लॅस्टिकचं छत असलेली हरितगृहं शेकड्यांनी उभी राहिली आहेत, आणि बाहेर पारा शून्याखाली असताना आत पालक हिरवागार असतो. तांदूळ, पीठ, डाळ रेशनवर मिळते. म्हणजे ज्या ‘नाइलाज’ या शब्दावर सगळं तोललेलं होतं, तो शब्द दर वर्षी थोडा हलका होतो आहे.

धर्मगुरूंनाही हे दिसलं. सतरावे कर्मापा यांनी जानेवारी २००७मध्ये बोधगयेला आपल्या परंपरेच्या मठांच्या स्वयंपाकघरांतून मांस काढायला सांगितलं. झांस्करमधले मठ गेलुग आणि द्रुक्पा परंपरांचे, त्यामुळे हा आदेश थेट त्यांच्यासाठी नव्हता, पण ऐकू सगळ्यांना गेला. दुसरीकडे खुद्द दलाई लामांनी भारतात आल्यावर, १९६०च्या दशकात, मांस सोडलं, कावीळ झाली आणि वैद्यांच्या सल्ल्यानं पुन्हा सुरू करावं लागलं. ते ही गोष्ट मोकळेपणानं सांगत आले आहेत, इतरांना मात्र शाकाहाराचाच सल्ला देत आले आहेत. हा दुटप्पीपणा म्हणायचा की प्रामाणिकपणा? ज्या परंपरेत ‘चालतं’ आणि ‘निर्दोष आहे’ या दोन गोष्टी वेगळ्या मानल्या जातात, तिथे तो प्रामाणिकपणाच ठरतो.

शाकाहारी पाहुण्यानं एवढ्यावर समाधान मानू नये. ट्रकमधून आलेला कोबी पठारावर उगवलेला नसतो. त्याच्यासाठी कुठेतरी सपाटीवर औषध फवारून अळ्या मारलेल्या असतात, रस्त्यासाठी डोंगर फोडलेला असतो, डिझेल जळालेलं असतं. हिमालयातलं बर्फ कमी होत चाललं आहे, त्याची किंमतही आधी गवतालाच बसते. झांस्करमधल्या कुमिक गावाचा ओढा वर साचणाऱ्या बर्फावर चालतो. बर्फ कमी पडू लागलं, ओढा आटला, आणि गावाला खाली नदीकडे नवी वस्ती करण्याचा निर्णय घ्यावा लागला. पाणी नाही म्हणून गवत नाही, गवत नाही म्हणून जनावरं विकायची, आणि विकलेलं जनावर कुठे जातं हे सगळ्यांना ठाऊक. त्या वेळी कुणी मंत्र म्हणायला शेजारी नसतं.

आपल्याकडे गोंदिया जिल्ह्यात गोठणगावजवळ १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, नोर्ग्येलिंग. याक आणि सातूच्या देशातून आलेल्या माणसांना विदर्भाच्या उन्हात भात लावायला शिकावं लागलं. त्यांचा हिवाळा मात्र घराबाहेरचा आहे, तो स्वेटर विकण्यासाठी शहरांच्या फुटपाथवर काढायचा. लोकर आता बहुधा कारखान्यातली. त्या वसाहतीत जन्मलेल्या पिढीला वैरण मोजून एक जीव कमी करायची वेळ कधी आली नाही. तरी प्रार्थनेत ‘सर्व सचेतन जीव’ हा शब्द येतो तेव्हा त्यात कोण कोण येतं, हे त्यांच्या आजीला जसं कळत असेल तसं त्यांना कळतं का, कोण जाणे.

झांस्करमध्ये मार्च उलटला तरी शेतावर बर्फाचा थर असतो, आणि पीक तयार व्हायला उन्हाळा जेमतेम पुरतो. म्हणून तिथे एक जुनी रीत आहे. थंडी पडण्याआधी माती खणून घरात साठवून ठेवायची आणि वसंताच्या तोंडावर ती पाठीवरच्या टोपल्यांतून नेऊन बर्फावर पसरायची. काळी माती ऊन धरते, खालचं बर्फ लवकर वितळतं, आठ-पंधरा दिवस हाती लागतात. पांढऱ्या शेतांवर काळे ठिपके, मग काळे पट्टे. त्यानंतर पंचांग पाहून नांगर धरायचा दिवस ठरतो. फाळ जमिनीत जाण्याआधी जमिनीच्या आणि पाण्याच्या देवतांची, साडाक आणि लू यांची, क्षमा मागून पूजा होते, कारण आता खालचे सगळे जीव उलटेपालटे होणार.

धाब्यावर त्या वेळी थोडीशी वैरण उरलेली असते. कधी दोन पेंढ्या, कधी दहा. मेमे-ले ती उतरवून दावणीत टाकतात, आणि टाकता टाकता मोजतात. नोव्हेंबरातली झोमो एवढ्यात निघाली असती का, हे कोणी बोलून दाखवत नाही.